एकाच चपलेत आलेला मामा

मामा एकाच पायात चप्पल घालून दारात उभा राहिला तेव्हा आम्ही हसलो. अगदी पोट धरून! मे महिना, भर दुपार, सोलापूरचं ऊन म्हणजे डांबराला चपला चिकटतात असलं, आणि हा माणूस स्टेशनपासून घरापर्यंत एक पाय अनवाणी टाकत आलेला.

"मामा, दुसरी चप्पल कुठंय तुझी?" मी विचारलं.

त्यानं खाली बघितलं. "आं? पडली की काय कुटं!"

"बायकोनं एकच दिली व्हय रं घालायला?" आई म्हणाली.

"व्हय अक्का. दुसरी मला फेकून मारायला ठिवलीया."

झालं, परत हसायला लागलो सगळे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, होटगीला रेल्वेत गँगमन. रोज खडीवरून मैलोनमैल चालायचं, रूळ तपासायचे. रविवारी सुट्टी असली की पॅसेंजरनं आमच्याकडं. आईनं त्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिलं. उन्हातून आलेल्याला आमच्याकडं आधी तेच देतात. त्यानं तांब्या संपवला, दुसरा मागितला, मग तिसरा. बरेच महिने असंच चाललं होतं त्याचं. पण उन्हाळ्यात सोलापुरात पाणी कोण पीत नाही? सारखा लघवीला उठायचा, तर एवढं पाणी पितो म्हणून. शर्ट अंगावर लोंबायला लागला होता, तर लाईनीवर सुकला म्हणून, आणि आई गुळाचा खडा आणखी मोठा द्यायची! मानेवर गळवं उठली ती पण उष्णतेची. आमचं सगळ्याला एकच उत्तर, ऊन.

मग मामा मोरीत पाय धुवायला गेला आणि मी वरून पाणी ओतायला लागले. त्यानं तो अनवाणी पाय उचलला आणि माझ्या हातातला तांब्याच पडला. तळव्याला फोड नव्हते हो, अख्खी कातडीच सुटली होती! आत लालभडक मांस. आणि करंगळीच्या खाली एक वेगळीच जखम, जुनी, काळी पडलेली, त्यात खडीचा तुकडा रुतून बसलेला. किती दिवसांचा कोण जाणे.

मी किंचाळले तर मामा म्हणतो कसा, "काय गं? इंचू हाय का काय?"

दुसऱ्या दिवशी आई आणि मी त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, तहान लई लागते का? वजन उतरलं का? लघवीला सारखं जावं लागतं का? जखमा लवकर भरत नाहीत का? प्रत्येकाला आई "व्हय" म्हणत होती आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज बारीक होत होता. मग डॉक्टर मामाला म्हणाले, "डोळे मिटा. टोचलं की सांगा." आणि टाचणी घेऊन टाचेत टोचली. मग अंगठ्यात. मग तळव्याच्या मधोमध, चांगली खोल. रक्ताचा थेंब वर आला, मी बघत होते ना! आणि मामा डोळे मिटून शांत बसलेला.

"डाक्टर," तो म्हणाला, "टोचणार कवा?"



लघवी निळ्या औषधात घालून काचेच्या नळीत उकळली, तर निळ्याची विटेसारखी लाल झाली. डॉक्टर म्हणाले, लघवीत साखर आहे, पायाची जाणीवही तिनंच मारलीय, मधुमेह. आम्ही म्हटलं, शक्यच नाही! मधुमेह म्हणजे गादीवर बसणाऱ्या जाड्या शेठ लोकांचा रोग. हा तर दिवसभर उन्हात राबणारा, काटकुळा माणूस! आई म्हणाली, "आरं देवा, म्या तर दर बारीला गूळ चारला की रं ह्याला."

करंगळी जाणार हे नक्की होतं. काळं वर सरकलं तर पाय घोट्यापासून कापावा लागणार होता. नंतर मामा मला हळूच म्हणाला, "पाय गेला तर लाईन गेली गं पोरी. मग म्या करू काय?"

करंगळी गेली. पाय राहिला. मामी काचेची सिरिंज उकळून रोज इंजेक्शन द्यायला शिकली, बिनसाखरेचा चहा आणि मोजकी भाकरी सुरू झाली. रेल्वेनं मामाला खडीवरून काढून फाटकावर बसवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, आणि पायाला कळत नाही म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं, दोन्ही तळवे.

परवा मी फाटकावर गेले होते. मामी बाजाराला गेलेली. मामानं आपणहून चप्पल काढून पाय माझ्यापुढं केला, "आज तू बग," म्हणाला, आणि एका मेंढक्याची गोष्ट सांगायला लागला, जो मेंढरं घेऊन मालगाडीच्या वेळेलाच फाटकावर येतो.

मी पाय वळवला. टाचेत बाभळीचा काटा. चपलेच्या तळातून आरपार आत गेलेला. मी तो नखात धरला आणि ओढला. बोटाच्या पेराएवढा निघाला! मागून रक्त आलं. मी फडकं दाबून धरलं.

"...आन ते बेनं मला म्हनतंय," मामा सांगतच होता, "गाडीला म्हनावं, थांब की जरा, माजी मेंढरं जाऊंदेत!"

आणि तो मोठमोठ्यानं हसायला लागला.