मावशीचा डावा हात

"नंदाताई गेल्या गं..." आईने ऑफिसात फोन करून एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. आम्हा दोघींनाही फोनवर रडता येत नाही. त्याला आता काही आठवडे झालेत.

आम्ही मुंबईतून भाईंदर पूर्वेला राहायला आलो तेव्हा मी लहान होते, आणि टीचरने नाव विचारलं तरी गप्प बसायचे. नंदामावशी तिथल्याच खारी गावातली. दर रविवारी शाळेच्या मैदानात ती बुलबुल घ्यायची, म्हणजे स्काउट-गाइडमधला सगळ्यात लहान मुलींचा गट. आईने मला जवळजवळ ढकलतच तिच्यासमोर उभं केलं. मी उजवा हात पुढे केला. "तो नाही बाळा, डावा. आपल्यात डाव्याने हात मिळवतात. हृदयाकडचा असतो ना तो." तिने माझं नाव विचारलंच नाही. कित्येक रविवार मी तिथे जाऊन फक्त हात मिळवायचे, गोलात उभी राहायचे, गाठी मारायला शिकायचे. तेवढं तिला पुरायचं. मी बोलायला लागले तेही तिथेच, सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणता म्हणता, माझ्याही लक्षात न येता.

एकदा तिने आम्हाला आईबाबांसकट जवळच्या चेणे गावात ओढ्याकाठी नेलं. तिथे आया सावलीत बसल्या आणि स्वयंपाक वडिलांकडे आला. बाबा सुरी धरून नुसतेच उभे. "साहेब, कांदा कापायचाय, फाइलवर सही नाही करायची," मावशी म्हणाली. शेजारी आमच्या गटातल्या हेतलचे पप्पा हसत सुटले, "लाओ भाईसाब, घर पे तो मेरी रोज की ड्यूटी है." ते आमच्याच मजल्यावर राहायचे, पण बाबा त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले ते त्या दिवशी. आजही आमच्या घराची एक चावी त्यांच्याकडे असते.

मग यंदा मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हॉस्पिटलात जो येईल तो तिचा उजवा हात उचलून म्हणायचा, "दाबा बघू... जरा दाबा." हात तसाच पडून राहायचा. गर्दी सरली तेव्हा मी दुसऱ्या बाजूला गेले आणि माझा डावा हात पुढे केला. तिने तो इतका घट्ट धरला, की मला दुखलं. तोंडाने काहीतरी जुळवत होती, "रवि... रवि..." तिचा मुलगा म्हणाला, "आई, रविवारचं नको ना आता." ती माझ्याकडेच बघत राहिली. मी मान हलवली. कशाला हो म्हटलं, ते तेव्हा मला नीट कळलंही नव्हतं.

आता आयांच्या ग्रुपवर विचारणा होते, "संडे को है क्या?" आई म्हणते, "तू घे ना, तुला तर सगळं येतं." येतं. गाठी येतात, सॅल्यूट येतो, प्रार्थना पाठ आहे. वीस मुलींसमोर उभं राहून मोठ्याने हाक मारणं मात्र येत नाही, आणि ते आता कोण शिकवणार...

गेल्या रविवारी गेले. मुली आपल्या आपण स्कार्फ बांधून गोलात उभ्या होत्या, मावशीची जागा तेवढी मोकळी सोडून. मी त्या जागेच्या बाहेरच थांबले. एक नवी छोटी मुलगी माझ्यापाशी आली आणि तिने उजवा हात पुढे केला. काहीतरी सांगायला हवं होतं. मी नुसता डावा हात पुढे धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि आपला हात बदलला.

बाकीच्या अजून गोलातच उभ्या होत्या, कोणीतरी प्रार्थना सुरू करेल म्हणून.