कवडूचा बोळा

सत्तर सालाच्या आसपास जरीपटका वस्तीतल्या वरातींमधे जे कोणी रस्त्यावर लोळले, ते कवडूमुळे लोळले. त्याने क्लॅरिनेटवर नागिणीची धून धरली की इस्त्रीच्या कपड्यातले भारदस्त मामा-काका दातात रुमाल धरून डांबरावर सरपटू लागत. कवडू त्यांच्या डोक्यावर क्लॅरिनेट डोलवत राही. घरी गेल्यावर मामींनी काय केलं असेल ते असो, पण वाजवावं तर कवडूनं, यावर मामी-मामांचं एकमत होतं.

माणूस तसा गोड. फक्त मुक्यांशी वाईट. मुके म्हणजे काय, तर लग्नघरचे ठरवतात पंधरा माणसांचा बँड आणि वाजवता येतं दहांना. उरलेले वर्दी चढवून, वाद्य तोंडाला लावून, नुसते गाल फुगवत चालतात. त्यातलाच एक नत्थूजी. एकदा त्याला हौस आली आणि त्याने खरंच फुंकलं. घोडा असा बिथरला, की खाली आलेला नवरदेव पुन्हा चढायला तयार होईना.

दुसऱ्या दिवशी कवडूने नत्थूजीच्या क्लॅरिनेटमधे चिंध्यांचा बोळा कोंबला, काडीने आत ठासला आणि सगळ्यांदेखत त्याला फुंकायला लावलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, आवाज नाही. बँडवाले पोट धरून हसले.

"फुंक आता गा," कवडू म्हणाला. "घोडा सोड, तुह्यानं माशीबी उडत नाही."

तेव्हापासून मुक्याच्या वाद्यात बोळा, हा बँडचा कायदाच झाला.

पुढे एका नागीण झालेल्या मामाने फणा जरा जोरात काढला. डोकं खालून क्लॅरिनेटवर आदळलं आणि कवडूचे वरचे दात गेले. मामा मात्र धून संपेपर्यंत नाचला. दातांवाचून क्लॅरिनेट वाजत नाही, पण कवडूच्या मिशा पहिल्या रांगेत शोभत. मालक ओमप्रकाशने त्याला मुका म्हणून ठेवून घेतलं. वाद्यं घासायचं आणि बोळे भरायचं काम एव्हाना नत्थूजीकडे आलं होतं.

कवडूने हेही हसण्यावारी नेलं. कारण एकच. मुलगी प्रेमलता पाळण्यात होती तेव्हापासून तो तिला सांगत आला होता, की तुझ्या बिदाईला मीच वाजवणार. तिचं लग्न ठरलं आणि त्याने कवळी बसवली. बँडचं क्लॅरिनेट घरी आणून, बोळा काढून, दार लावून बसू लागला. आधी नुसती चिरचिर, शेजारची शेळी ओरडायची. मग सूर लागला. शेळी गप्प झाली, तेव्हा बायको देवकी म्हणाली की आता जमून राहिलं.

बिदाईला कवडूला वाजवू द्यायला ओमप्रकाश कबूल झाला. साथीला वसंत हा नवा क्लॅरिनेटवाला वाजवणार होता. लग्नाआधी वाद्य घासायला बँडच्या दुकानात गेलं, ते बिदाईच्या वेळीच नत्थूजीने कवडूच्या हातात दिलं.

प्रेमलता गाडीपाशी थांबली. कवडूने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि फुंकलं. हवा आत जाईना. शेजारी वसंतने धून सुरू केली होती. कवडूने डोळे उघडले. समोर नत्थूजी हात बांधून उभा होता.

वाद्य खाली घेतलं असतं तर सगळ्या मांडवाला कळलं असतं. पोरगी टक लावून बघत होती. कवडूने गाल फुगवले आणि बोटं हलवत राहिला. पाहुण्यांनी डोळे पुसले.

प्रेमलता गळ्यात पडली. "बाबा, इतकं चांगलं तुमी कधीच नाही वाजवलं."

गाडी वळली तसा नत्थूजी जवळ आला. "माशी उडाली का गा?"

दिवाळीला लेक-जावई आले. प्रेमलताने सासरी बापाचं वाजवणं भारीच गाजवलं होतं. बिदाईची तीच धून ऐकायची, म्हणून ती हटून बसली. क्लॅरिनेट घरातच होतं, त्यात बोळाही नव्हता. पण पोरीच्या कानात वसंतचं वाजवणं बापाचं म्हणून बसलेलं.

कवडूने कवळी काढली आणि पाण्याच्या पेल्यात टाकली.

"दात दुखून राहिले बाई," तो म्हणाला.