फोनवरची मराठी

सुट्टीत गावाकडे, उंद्रीला गेले होते. आईसोबत तुरीच्या शेंगा सोलत असताना पुण्याच्या ऑफिसातून फोन आला. मी तिकडच्या मराठीत बोलले. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "माह्यासंगही अशीच बोल ना वं. लय गोड वाटते."

मी गमतीनं विचारलं, "आई, चहा ठेवू का?"

ती सावरून बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "हाव, ठेवा."

पोटच्या लेकीला तिनं अहोजाहो केलं! मला कसंसंच झालं. घाईघाईनं म्हटलं, "माय, चाय मांडू का?" पण तेही माझ्याच कानाला नाटकातल्यासारखं वाटलं. गॅसपाशी उभी राहून दोन्ही वाक्यं पुन्हा पुटपुटून पाहिली. त्यातलं माझं कोणतं, ते काही केल्या ठरवता येईना.