रवानगीआधीचा चहा

ऋजुताचे डोळे मिटतात ते रागातच. दुपारचे साडेतीन झालेत, पोटात कुळथाचं पिठलं आहे, आणि समोर लॅपटॉपवर ती मुखदुर्बळ स्क्रिप्ट. सकाळपासून चौथ्यांदा चालवली, चौथ्यांदा तीच गत. ‘यादी तयार’ एवढं छापते आणि तोंडात मूग गिळून बसते. दोन-तीन मिनिटं वाट बघायची, अडकली म्हणायचं आणि बंद पाडायची. तिच्यासोबत काम करणाऱ्या बाकीच्या तिघांनीही तेच केलं. या वेळी ती बंदही पाडत नाही. जा मसणात, असं म्हणून हातावर डोकं टेकते.

‘राबता’ हे ठरलेली कामं आपोआप उरकणारं सॉफ्टवेअर, कुणालाही फुकट वापरता येणारं. ते सांभाळणाऱ्यांच्या मदतीला साठमकाकांनी ‘गडी’ नावाच्या फोल्डरमध्ये छोट्या छोट्या स्क्रिप्ट्स, म्हणजे आज्ञांच्या फायली, लिहून ठेवल्या. एक नव्या माणसाच्या मशीनवर सगळं मांडून देते, एक चाचण्या घेते, आणि ही ‘रवानगी’ धाडायच्या फायलींची यादी करून नवी आवृत्ती जगाकडे धाडते. ती कायम काकाच चालवायचे. काकांना जाऊन दीड महिना झाला. आणि आता राबत्यात भोक सापडलंय, बाहेरच्या कुणालाही आतलं वाचता येईल असं. दुरुस्ती तयार आहे, ती आज पोचायलाच हवी. नाहीतर संध्याकाळी अख्खा ‘गडी’ पुसून नव्याने लिहिणार, असं तिने सगळ्यांना कळवलंय. ‘ओळन् ओळ वाचून पाहिली’ असंही ठोकून दिलंय. खरं तर काका गेल्यापासून तिने ‘रवानगी’ची फाइल एकदाही उघडलेली नाही. काकांचं लिहिणं त्यांच्या बोलण्यासारखं आहे, आणि ते तिला अजून ऐकवत नाही.

‘‘काय गो, माझ्या गड्यांवर उठलीस?’’

पॉलिटेक्निकची लॅब आहे. काका इथे पंचवीस वर्षं शिकवायचे. तोच अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. संगणकांवर चादरी घातल्यात आणि चादरींखाली कुणीतरी सावकाश श्वास घेतंय.

‘‘उठलेच आहे,’’ ती म्हणते. ‘‘तुम्ही गेलात, आणि सगळं डोक्यात घेऊन गेलात.’’

‘‘डोक्यात कुठे? लिहिलं होतं की. तूच पुसायला लावलंस.’’

तिला आठवतं. तीन वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत तिने लिहिलं होतं, ‘काका, स्क्रिप्टमध्ये गप्पा नकोत, काम तेवढं ठेवा.’ त्यांनी त्याच दिवशी सगळ्या टिपा काढून टाकल्या आणि ‘आज्ञा शिरसावंद्य’ असं उत्तर धाडलं. ती तेव्हा हसली होती.

‘‘माझ्यावर ढकलू नका!’’

ती ताडकन उठते, तर पायाखाली भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याची वाळू. लॅबचं बाकडं तसंच आहे, पाणी घोट्यापर्यंत आलंय. काका थर्मासच्या झाकणात चहा ओततायत.

‘‘छातीत कळ आली तेव्हा काय म्हणालात मला फोनवर? पित्त आहे. एवढ्या चाचण्या संपू देत, मग दाखवून येतो. कुणी सांगितलं होतं चाचण्या संपवायला? मेलं ते सॉफ्टवेअर!’’

‘‘घाई नडली,’’ काका खाली बघत म्हणतात.

‘‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!’’

‘‘चहा घे. वीस मिनिटं तरी लागतात.’’

‘‘कशाला?’’

‘‘डोळे निवायला. आपली चूक आपल्याला लगेच दिसत नाही.’’

‘‘मला नकोय तुमचा चहा.’’ पाणी गुडघ्यापर्यंत चढलंय. जाऊ नका, असं तिला म्हणायचंय. तोंडातून येतं ते भलतंच. ‘‘चालते व्हा!’’

काका थर्मासचं झाकण लावतात आणि उठतात.

ती जागी होते. मनगटावर कीबोर्डचे चौकोन उमटलेत. समोर ‘यादी तयार’च्या खाली आणखी एक ओळ आहे. चौघांपैकी कुणीच कधी न पाहिलेली.

‘चहा झाला? आता यादी परत वाचा. धाडू का? हो/नाही’

ती दीड महिन्यात पहिल्यांदा फाइल उघडते. मधोमध साधी एक आज्ञा, वीस मिनिटं थांब. तिच्या वर टीप होती तिथे नुसती मोकळी जागा. ऋजुता यादी वाचू लागते. सातव्या ओळीवर तिचीच फाइल, पासवर्ड लिहून ठेवलेली. काल घाईघाईत तिनेच आत टाकलेली. ‘रवानगी’ थांबली नसती तर ती जगभर गेली असती.

‘‘आम्हाला वीस मिनिटं थांबवता,’’ ती मोठ्याने म्हणते, ‘‘आणि स्वतःला डॉक्टरकडे जायला पाच मिनिटं नव्हती?’’

स्क्रीन उत्तराची वाट बघतेय. ती ‘नाही’ टाइप करते, ती फाइल यादीतून काढते आणि ‘रवानगी’ पुन्हा सुरू करते. मग भांडं आदळून चहाचं आधण ठेवते आणि गॅसपाशी उभी राहते, वीसच्या वीस मिनिटं.