नव्व्याण्णव नावांचे कल्हईवाले

देवाचं नाव रोज घेणारी माणसं आमच्या सोलापुरात गल्लोगल्ली सापडतील, पण देवाचं एकेक नाव रोज अंगात घालून घराबाहेर पडणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो माझ्या दारासमोर भांड्यांना कल्हई लावत बसायचा. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. मेंदीनं लाल केलेली दाढी, नवसागराच्या धुरानं कायमचे चुरचुरणारे डोळे आणि आवाज असा, की त्यांनी हळू बोलायचं ठरवलं तरी चौकात ऐकू जाई. तरुणपणी कुणा मौलवींच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं, की अल्लाची नव्व्याण्णव नावं हे त्याचे गुण आहेत आणि बंद्यानं आपल्या कुवतीप्रमाणे त्या गुणांचा रंग अंगाला लावून घ्यावा. बाकीचे ऐकणारे घरी जाऊन जेवले. चाचांनी दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात केली. रोज एक नाव, ओळीनं, आणि नव्व्याण्णव संपली की पुन्हा पहिल्यापासून. "मास्तर," ते मला म्हणायचे, "उसका दरिया, मेरा चुल्लू. पर चुल्लू तो भरना ना?"

हा ओंजळभर चुल्लू गल्लीला फार महागात पडे. 'अस-समी', म्हणजे सर्व काही ऐकणारा, या नावाच्या दिवशी चाचा भाता बाजूला ठेवून जो येईल त्याचं गाऱ्हाणं ऐकत. आमच्या गल्लीतल्या सुनांनी तो दिवस बरोबर हेरून ठेवला होता. त्या दिवशी एकाही भांड्याला कल्हई लागत नसे, पण एकाही सासूची अब्रू शिल्लक राहत नसे. 'अस-समद', म्हणजे ज्याला कुणाची गरज नाही असा, हे नाव आलं की ते चाचीला भात्याला हात लावू देत नसत. पायानं भाता दाबायचा आणि हातांनी भांडं फिरवायचं, या कसरतीत आमच्या घंगाळाला एकदा असं भोक पडलं, की माझ्या बायकोनं त्यात पुढं अबोली लावली. 'अज़-ज़ाहिर', प्रकट असलेला, या दिवशी भट्टी रस्त्याच्या मधोमध मांडली जाई आणि टांगेवाले शिव्या देत वळसा घालून जात. दुसऱ्या दिवशी येई 'अल-बातिन', गुप्त असलेला. त्या दिवशी चाचा घरातल्या कणगीमागं बसत आणि गिऱ्हाइकानं हाक मारली तर तिथून ओरडून सांगत, की मी दिसणार नाही. पलीकडच्या वाणीणबाईंना एकदा 'अल-मानि' भोवला, म्हणजे रोखून धरणारा. घरी पाहुणे आलेले, पुरणाचं पातेलं कल्हई होऊन समोर लखलखतंय, आणि चाचा ते द्यायला तयार नाहीत! तेव्हापासून बाई लांबूनच विचारत, "आज कंचं नाव हाय वो चाचा? तसलं काय असंल तर भांडी उद्या आनते की." मीही सकाळी शाळेला निघताना विचारून घेई. न विचारता नाव सांगायचं नाही आणि विचारल्यावर लपवायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

इतका मऊ माणूस, पण एका गोष्टीत दगड होता. एका ईदला त्यांची एकुलती एक मुलगी टेंभुर्णीहून आली आणि आईसाठी जर्मनचं, म्हणजे अल्युमिनियमचं, पातेलं घेऊन आली. जावयानं तिथं जर्मनच्या भांड्यांचं दुकान मांडलं होतं. ती पांढरी, हलकी भांडी तेव्हा नवी निघाली होती आणि त्यांना कल्हई लागत नसे. कल्हईवाल्याच्या घरात कल्हई न लागणारं भांडं! चाचांनी ते असं भिरकावलं, की ते खणखणत वाणीणबाईंच्या पायरीपर्यंत गेलं. "मेरी रोटी पे थूकको आई क्या?" ते गरजले. "फिर ये उंबरठा नक्को चढ!" पोरगी रडत परत गेली. पातेलं वाणीणबाईंनी ठेवून घेतलं, पण चाचांच्या देखत कधी बाहेर काढलं नाही.

चार वर्षं अशीच गेली, आणि एके दिवशी चाची माझ्याकडे आली आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मास्तर, बेटीकू सातवा महिना है. पहिला बाळंतपण माँ के घर नक्को क्या?" चाचीनं उपायही शोधून आणला होता. 'अल-अफूव', म्हणजे अपराध पुसून टाकणारा, या दिवशी चाचा दारात उभ्या राहिलेल्या कुणालाही माफ करत. दूध सांडणाऱ्या मांजरीलासुद्धा करत. मुलगी त्या दिवशी समोर उभी राहिली, तर त्यांना नाही म्हणताच येणार नाही. "दिन तुम गिनो," चाची म्हणाली. "मैं पूछी तो उनकू शक आएगा." मग मंगळवारी संध्याकाळी, दिवे लागल्यावर, मी सहज विचारल्यासारखं करून नाव विचारलं. "अल-आख़िर," चाचा म्हणाले. मी घरी येऊन, चाचांकडून उतरवून घेतलेल्या नावांच्या यादीवर बोट ठेवलं. मंगळवारी आख़िर, बुधवारी ज़ाहिर, गुरुवारी बातिन, असं करत करत पुढच्या बुधवारी नेमकं अफूव आलं. मी टेंभुर्णीला पत्र टाकलं आणि आठवडाभर स्वतःवर इतका खूश होऊन हिंडलो, की रोजचं नाव विचारायचंही विसरलो आणि भट्टी कुठल्या दिवशी रस्त्यात आली तेही पाहिलं नाही.

बुधवारी शाळेतून लवकर निघून मी चाचांसमोर येऊन उभा राहिलो. चार वाजले होते आणि टेंभुर्णीची सर्व्हिस मोटार यायची वेळ झाली होती. "काय चाचा," मी गालात हसत म्हणालो, "आज अफूव ना?"

"अफूव मग़रिब के बाद, मास्तर," भाता न थांबवता ते म्हणाले. "अभी मुन्तक़िम चालू है."

मग़रिब म्हणजे सूर्य मावळल्यावरची नमाज, आणि मुन्तक़िम म्हणजे बदला घेणारा. आमचा दिवस सूर्य उगवला की सुरू होतो, त्यांचा सूर्य मावळला की. मी मंगळवारी दिवेलागणीनंतर जे नाव विचारलं ते त्यांच्या बुधवारचं होतं. शाळेत तीस वर्षं पोरांना मोजायला शिकवणारा मी, एका दिवसानं चुकलो होतो! आणि तेवढ्यात टांगा येऊन उभा राहिला.

पोरगी जपून खाली उतरली. बापाकडे बघून तिनं हळूच विचारलं, "अब्बा, आज कौनसा नाम?"

"मुन्तक़िम."

तिचा चेहरा उतरला, पण ती त्याच बापाची लेक होती. "अच्छा," ती म्हणाली, "तो मैं मग़रिब तक टांगे में बैठती." आणि ती खरोखरच पुन्हा टांग्यात चढायला लागली. चाची दारात तोंडावर हात धरून उभी होती, वाणीणबाई पायरीवर उभ्या होत्या, आणि मी जमिनीत गडप व्हायला जागा शोधत होतो.

चाचांनी सांडशी खाली ठेवली आणि ते उठले. "आज बदले का दिन है," ते म्हणाले, आणि चौकापर्यंत ऐकू गेलं. "चार साल मेरी बेटीकू जिसने घर में नहीं लिया, वो बुड्ढा मेरे अंदरच बैठा है. आज उसकू छोडतौं क्या?" टांग्यातली ट्रंक त्यांनी डोक्यावर घेतली. नमाजेखेरीज कधी कुणापुढं न वाकलेला तो माणूस ती ट्रंक घेऊन दारात वाकला आणि मुलीला म्हणाला, "चल माँ, अंदर चल. धूप है." पोरीच्या रडण्यात चाचीचं रडणं मिसळलं. वाणीणबाई उगीचच मला म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या डोळ्यात धूर गेला जनू." भाता थांबला होता आणि धूर तर कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा माझ्या घरी आले. पायरीवर बसले. मग म्हणाले, "मास्तर, तुम अफूव के दिन बुलाते तो मैं माफ करता. बडा बनको माफ करता. गुनहगार तो मैंच था. इसलिए तुम सोचको मुन्तक़िम चुने. हौ ना?"

त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. मी मान हलवली.

तेव्हापासून मी रस्त्यानं निघालो की चाचा हातातलं भांडं खाली ठेवून उभे राहायचे. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, की अल्लाचे गुण या मास्तरला माहीत आहेत तेवढे मौलवींनाही नाहीत. मी शरमेनं पावलं भरभर उचलायचो. पुढं कित्येक वर्षं ते असेच उभे राहिले, गुडघे दुखायला लागल्यावरही भिंतीला धरून. आता ते नाहीत. मला एवढं मोठं दुसरं कुणी कधी समजलं नाही, आणि ती त्यांची समजूत मोडायला मला एक सबंध आयुष्य पुरलं नाही.