शकुनकाकूंचं अंदमान

सेल्युलर जेलच्या अंगणात पोचलं की शकुनकाकू आधी चपला काढत. मागून येणारी भिलईची मंडळी ते पाहून मुकाट्याने आपले चपला-बूट काढत आणि हात जोडून उभी राहत. काकूंच्या पायांना सूज यायची, एवढंच खरं कारण होतं. पण इतक्या भाविकपणे उभ्या राहिलेल्या माणसांना ते सांगायचं कसं, म्हणून त्या गप्प पायरीवर बसत आणि पोटऱ्या दाबत दाबत इतिहास सांगायला लागत.

शकुंतला मोटघरे हे त्यांचं नाव. माहेर भंडाऱ्याकडचं, नवरा भिलईच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. मूलबाळ नाही. कारखान्याकडून मिळणाऱ्या प्रवास-सवलतीवर, एलटीसीवर, दोघं एकदा अंदमान पाहून आले, आणि पुढे दोनेक वर्षांत काका वारले. मग कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टरमधल्या बायका विचारू लागल्या, वैनी, आमालेही नेता का? पहिल्या वर्षी बारा जण गेले. नंतर दर हिवाळ्यात एक तुकडी ठरूनच गेली. दुर्गहून हावड्याची गाडी, पुढे जहाज, अलीकडे विमान. क्वार्टर सोडून त्या दुर्गजवळ बोरसीत आमच्या शेजारी राहायला आल्या, तोवर त्यांच्या दहा-अकरा वाऱ्या झाल्या होत्या.

लोकांना निळं पाणी हवं असे, पांढरी वाळू हवी असे, काचेच्या तळाच्या बोटीतून मासे बघायचे असत. काकू ते सगळं दाखवत. बोटीसाठी कोणी घाई केली की म्हणत, "समुद्र काही पळून नाही चालला. आधी भात खाऊन घ्या." पण जेलच्या पायरीवर मात्र त्या कोणाला उठू देत नसत. इंग्रजांनी कैदी आणले, त्यांच्याकडून जंगल तोडून घेतलं. मग रांची-बिलासपूरकडून मजूर आणले. फाळणीनंतर बंगालातून घरदार गमावलेली माणसं आली. हे सांगून झालं की त्या ठरलेलं वाक्य बोलत. "इथं आलेले सारे नाइलाजानं आले. आपणच एक तिकीट काढून येऊन राहिलो. अन् जे पहिल्यापासून इथंच होते, त्यायले कोणी इचारलंच नाही."

सतराव्या वेळी त्यांनी मला सोबत नेलं. मी उतईच्या शाळेत इतिहास शिकवते, पण मला नेलं ते माणसं मोजायला आणि सामानावर लक्ष ठेवायला. काकू थकल्या होत्या. तीच वाक्यं आपल्याच तोंडून ऐकायचा त्यांना शीण आला होता. त्या वेळी तुकडीत त्यांचे धाकटे दीर नामदेवभाऊ होते. त्यांची सारी नोकरी नंदिनीच्या खाणीत चुनखडी काढण्यात गेली होती. बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा त्यांना बघायच्याच होत्या. जो दगड आपण जन्मभर सुरुंग लावून फोडला, तो बघायला लोक होडीत बसून जातात, याचं त्यांना फार नवल वाटत होतं.

बाराटांगचा रस्ता जारवा या तिथल्या मूळ आदिवासींच्या जंगलातून जातो. गाड्या पोलिसांच्या पहाऱ्यात एकामागोमाग सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही. काकूंनी हे पहाटे बसमध्ये दोनदा सांगितलं. जाताना सगळं नीट झालं. गुहा पाहून नामदेवभाऊ लहान मुलासारखे खूश होते. परतताना एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक जारवा बाई पोराला कडेवर घेऊन उभी दिसली. नामदेवभाऊंनी खिडकी सरकवली, बिस्किटांचा पुडा बाहेर फेकला आणि मोबाइल पुढे धरला.

काकूंनी मान वळवून पाहिलं. चौकीवर बस थांबली तशा गुडघ्यावर हात टेकून उठल्या, खाली उतरल्या आणि पोलिसाला स्वतः सांगून आल्या.

बस दोन तास उभी राहिली. नामदेवभाऊंचा मोबाइल जप्त झाला, जबाब लिहून घेतला गेला. सगळ्यांसमोर ते काकूंना म्हणाले, "वैनी, तुमच्याच भिंतीवर तं तो फोटो होता. मी तोच पाहत आलो इतके वर्षं." परतीच्या साऱ्या प्रवासात तुकडीतलं कोणी त्यांच्याशी धड बोललं नाही.

त्या संध्याकाळी लॉजवर मी त्यांच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. पहिल्या वेळी काकांसोबत आल्या असताना त्यांनीच याच रस्त्यावर बसमधून एका जारवा बाईकडे केळी फेकली होती आणि काकांनी फोटो काढला होता. तो फोटो क्वार्टरच्या बैठकीत कितीतरी वर्षं टांगलेला होता. तोच पाहून सेक्टरमधल्या बायकांना अंदमानला जावंसं वाटलं होतं.

"मले वाटलं, ते बाई हासन," काकू म्हणाल्या. "तिनं केळी उचलली अन् माह्याकडे पाह्यलं. हासली नाही. फोटोत मी हासून राहिली. लय वर्षं मले त्यात फक्त मीच दिसत होती."

घरी आल्यावर नामदेवभाऊंनी येणं बंद केलं. पुढच्या हिवाळ्यासाठी कोणी नाव दिलं नाही, काकूंनीही विचारलं नाही. वर्ष असंच गेलं. मग एका रविवारी त्या मला म्हणाल्या, मले नंदिनीले घेऊन चाल. स्कूटरवर मागे बसवून मी त्यांना नामदेवभाऊंच्या घरी नेलं. वाटेत दोनदा थांबावं लागलं, इतका दम लागत होता.

नामदेवभाऊंनी खुर्ची दिली आणि समोर बसून राहिले. काकू म्हणाल्या, "तुह्यी तक्रार मी केली. माह्यी कोणी केलीच नाही. तेवढं सांगाले आली."

काकूंच्या जाऊबाईंनी आणलेला चहा निवत गेला. मग नामदेवभाऊंनी हळूच विचारलं, "वैनी, तुमच्या फोटोतली ते बाई कोण होती?"

"मले काय माहीत," काकू म्हणाल्या. "तुवं पाह्यली ते तरी कोण होती?"

नामदेवभाऊंनी नाही म्हणून मान हलवली. चहाचा कप त्यांनी काकूंच्या हातात दिला.

परतताना बोरसीच्या वळणावर काकू माझ्या पाठीवर डोकं टेकून म्हणाल्या, आता कुठंच नाही जात मी, लय झालं पाहून. होळीच्या आधी त्या गेल्या. अग्नी नामदेवभाऊंनी दिला.