पेटी न उघडण्याची रीत

व्हर्लिन सायझमोअर चिडला की आरडाओरडा करत नसे. फडकं घेऊन काउंटर पुसायला लागे. त्या वर्षी प्रुइटच्या पार्ट्सच्या दुकानातला काउंटर इतका लख्ख झाला होता, की गिऱ्हाइकांना त्यात आपापली टोपी दिसायची. चिडायला कारणं का कमी होती?

बासष्ट वर्षांचा माणूस. एकोणतिसाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत पाठ कायमची दुखावून घेतली, आणि तेव्हापासून हॅडली फोर्क गावातल्या या एकाच काउंटरमागे उभा. कुठल्या सालच्या कुठल्या ट्रकला कुठला पार्ट बसतो, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा मागच्या फळीकडे निघालेला असायचा. बायको नॅडीन म्हणायची, "दुकानात तोंडाला कुलूप लावतोस आणि घरी येऊन भांडी आपटतोस. तिथंच आपट की एखाद्याच्या डोक्यात!" पण तेवढं त्याच्याच्यानं होत नसे.

आता या धंद्याची एक पद्धत आहे. गाडीची बॅटरी भरणारा अल्टरनेटर गेला, तर नवाकोरा घेणं परवडतंय कुणाला! जुनाच उघडून, आतलं झिजलेलं बदलून, पुन्हा बांधलेला घ्यायचा. तो नेताना आपला जुना दुकानाला द्यायचा, कारण त्यातूनच पुढचा बांधला जाणार. जुना येईपर्यंत साठ-सत्तर डॉलर दुकानाकडे अडकून. त्या जुन्याला इथं कोअर म्हणतात. ज्या पेटीतून बांधलेला नेला, त्याच पेटीत जुना घालून आणायचा, काउंटरवर ठेवायचा, आपले पैसे घ्यायचे, कॉफी प्यायची आणि निघायचं.

इतकं सरळ काम. पण माणसं सरळ असतील तर ना! मोठ्या ट्रकचा दणकट अल्टरनेटर न्यायचा आणि पेटीत घालून आणायचा भंगारातल्या चिमुकल्या गाडीचा गंजका गोळा, सोबत भर म्हणून एखादा दगड. वजन जवळपास तेवढंच, पेटी तीच. खरा कोअर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पेट्रोल पंपापाशी व्हॅन लावणाऱ्या खरेदीदाराला रोखीनं विकायचा. एकाच कोअरचे दोनदा पैसे. वर तोंड करून विचारायचं, "लोखंड ते लोखंडच की, व्हर्लिन! एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतोय?"

कंपनी! ही कंपनी म्हणजे इमोजिन कोम्ब्स. एकाहत्तर वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, ओढ्याच्या वरच्या अंगाला घरामागच्या शेडमध्ये एकटी बसून गावाचे अल्टरनेटर आणि स्टार्टर बांधते. नवरा होता तोवर दोघं बांधायची. तिनं बांधलेला पार्ट गाडी मोडीत निघेपर्यंत चालतो, हे सगळ्या मेकॅनिकांना माहीत. पण दुकानाच्या मालकानं, गारलंड प्रुइटनं, तिच्या पेट्यांवर आपल्या दुकानाची स्टिकरं चिकटवलेली, म्हणून पेटीमागची बाई कुणाला दिसत नसे.

आणि या सगळ्यात आमच्या गावाची ती रीत! ओळखीच्या माणसाची पेटी काउंटरवर उघडायची नाही. उघडली तर तोंडावर चोर म्हटल्यासारखं. व्हर्लिन नवा होता तेव्हा त्यानं एका म्हाताऱ्याची पेटी भाबडेपणानं उघडली होती. म्हातारा म्हणाला, "तुझा बाप माझ्याकडनं दूध घ्यायचा. मी कधी त्याच्या पैशांची नोट उजेडात धरली नाही." आणि तो पुन्हा दुकानात आला नाही. तेव्हापासून व्हर्लिन पेटी जागची उचलायचा, वजनाचा अंदाज घ्यायचा, पिवळी चिठ्ठी बांधायचा आणि तिच्यावर लिहायचा, "तपासलं. व्ही. एस." त्या चिठ्ठीच्या भरवशावर इमोजिनबाई दर पेटीमागे दुकानाला पैसे द्यायच्या.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी बाईंनी त्याला शेडवर बोलावून घेतलं. बस म्हणाल्या नाहीत, कॉफी विचारली नाही. भिंतीकडच्या फळीवरचं फडकं तेवढं ओढलं. फळीवर एकतीस अल्टरनेटर मांडलेले. पेटीवरच्या नंबराशी जुळणारा एकही नाही. काहींचं कवच तडकलेलं, काहींच्या पोटात चिखल, एक तर गवत कापायच्या यंत्राचा. आणि प्रत्येकाच्या गळ्यात पिवळी चिठ्ठी.

"कुणाचं अक्षर आहे रे हे?" बाईंनी विचारलं.

व्हर्लिननं एक चिठ्ठी वाचली, मग दुसरी. कान तापले त्याचे. "लोक असे निघतील असं वाटलं नव्हतं, इमोजिनबाई. हरामखोर आहेत एकेक."

"लोकांचं मला सांगू नकोस. लोकांनी 'तपासलं' असं लिहिलेलं नाही." बाई स्टुलावर टेकल्या. "यातून मी काय बांधू? माझं डोकं? लेक्सिंग्टन शहरातला एक माणूस माझं अल्टरनेटर तपासायचं यंत्राचं बाकडं विकत मागतोय. या शुक्रवारच्या पेट्यांत एक जरी चुकीचा निघाला, तर मी त्याला फोन करणार आहे आणि शेडला कुलूप घालणार आहे. दमले मी आता."

परतीच्या वाटेवर व्हर्लिन ट्रकमध्ये एकटाच बडबडत होता. आधी मेकॅनिकांना शिव्या दिल्या, मग गारलंडला, मग त्या व्हॅनवाल्याला. एकतिसातल्या एकालाही आपण नुसतं उघडून बघितलं असतं तर, हा विचार आला की रेडिओ मोठा करायचा.

गारलंडला त्यानं सांगितलं तेव्हा गारलंड नाश्त्याच्या बिस्किटावर, म्हणजे इकडच्या मऊ पावावर, ग्रेव्ही ओतत होता. "तू आता पेट्या उघडत बसणार? अरे, गिऱ्हाइकं तुटतील! म्हातारी बंद झाली तर झाली. कारखान्यातनं मागवू."

"कारखान्याचा पार्ट सहा महिन्यांत परत येतो."

"मग पुन्हा विकू," गारलंड म्हणाला आणि हसला. व्हर्लिनला हसू आलं नाही. त्यानं फडकं घेतलं आणि काउंटर पुसला.

शुक्रवार हा कोअर परत करायचा दिवस. दुपारी पेट्या वर शेडकडे जायच्या, म्हणून सकाळी आठलाच मेकॅनिकांची रांग. त्या दिवशी अकराजण होते, प्रत्येकाच्या काखेत पेटी. आणि नशीब बघा कसं, रांगेत पहिला होबार्ट स्लोन! व्हर्लिनबरोबर खाणीत होता तो. पाठ मोडली त्या दिवशी व्हर्लिनला खांद्यावर घालून बाहेर आणणारा तो. दुसरा कुणी पहिला असता तर काय बिघडलं असतं!

होबार्टनं पेटी ठेवली. "काय म्हणतेय पाठ?"

"आहे तिथंच आहे." व्हर्लिननं पेटीवर हात ठेवला आणि हात तिथंच राहिला. पाठीमागे दहाजण बघताहेत. होबार्टची पेटी न उघडता पुढच्याची उघडली, तर पुढचा विचारणार, मी काय घोडं मारलं? त्यानं खिशातून चाकू काढला आणि पेटीची पट्टी कापली.

रांगेतल्यांनी माना पुढं काढल्या.

"हे काय चाललंय?" होबार्ट हळू आवाजात म्हणाला.

"आजपासून सगळ्यांच्या उघडणार आहे. तुझं काही नाही रे, होबार्ट."

"पेटी तर माझीच उघडतोयस."

आत अल्टरनेटर होता. बरोबर तोच, नंबरासकट. नुसता बरोबर नाही, घासूनपुसून स्वच्छ केलेला. सुटे बोल्ट एका पिशवीत घालून तारेनं बांधलेले. व्हर्लिनला वाटलं, निदान आज तरी या माणसानं चोरी करायला हवी होती.

"झालं समाधान?" होबार्टनं विचारलं.

"अरे, म्हातारी शेड बंद करायला निघालीय. एकतीस चुकीचे निघाले तिच्याकडं. मी तरी काय करू?"

"मला विचारायचं होतंस. तोंड नव्हतं तुला?" होबार्टनं टोपी नीट केली आणि दाराकडे वळला. व्हर्लिननं ड्रॉवर उघडून पासष्ट डॉलर काढले, पण तोवर दाराची घंटी वाजली होती.

मग जी गंमत झाली ती बघण्यासारखी होती, फक्त व्हर्लिनला ती गंमत वाटली नाही. रांगेतल्या दुसऱ्याला एकाएकी आठवलं, की आपण ट्रकचं इंजिन चालूच ठेवून आलोय. तो पेटीसकट गेला. तिसऱ्याला बायकोचा फोन आला. फोन वाजलेला कुणी ऐकला नाही. चौथा म्हणाला, "चुकून भावाची पेटी उचलली वाटतं." पाचव्या-सहाव्यानं तर कारणसुद्धा दिलं नाही. पाच मिनिटांत रांगेत पाचजण उरले, आणि बाहेर मैदानात ट्रकांची ही घाई. रोज कॉफी पिताना देशात इमानदारी उरली नाही म्हणून गळे काढणारे हेच सगळे!

गारलंड खिडकीतून बघत म्हणाला, "बघ! घालवलीस ना गिऱ्हाइकं?"

"गिऱ्हाइकं नव्हती ती," व्हर्लिन म्हणाला. तेहतीस वर्षांत मालकाला दिलेलं पहिलं उलट उत्तर. पण त्याचंही सुख लागेना. डोळ्यांपुढं तो पुसलेला अल्टरनेटर.

उरलेल्या पाचांच्या पेट्या त्यानं उघडल्या. पाचही बरोबर. त्या पाचांपैकी कुणी त्या दिवशी कॉफी घेतली नाही.

दुपारी सहा पेट्या घेऊन तो शेडवर गेला. चिठ्ठ्या बांधलेल्या, "तपासलं. व्ही. एस.," आणि या वेळी खरोखरच तपासलेलं. बाईंनी चिठ्ठीकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रॉवरमधनं चाकू काढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत पहिली पेटी कापली.

व्हर्लिनच्या तोंडापर्यंत आलं होतं, अहो बाई, मी लिहून दिलंय ना! मग लगेच होबार्टचा चेहरा आठवला आणि त्यानं पुढची पेटी बाईंकडे सरकवली. बाईंनी सहाच्या सहा उघडल्या, सावकाश, प्रत्येक अल्टरनेटर हातात फिरवून. पुसलेल्यापाशी थांबल्या.

"होबार्टचा ना हा?"

"तुम्हाला कसं कळलं? पेटीवर नाव तर नसतं."

"तो नेहमी पुसून देतो. बोल्ट पिशवीत. इतकी वर्षं तुझ्या दुकानातली प्रत्येक पेटी मीच उघडतेय. कोण पुसतो, कोण दगड भरतो, एकेकाचा हात ओळखते मी."

"मग सांगितलं का नाहीत मला?" व्हर्लिनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्याची उघडली नसती मी!"

"विचारलंस कधी? वीस वर्षं पेट्या दारात ठेवून पळतोस." बाईंनी अल्टरनेटर बाकड्यावर चढवला. "असो. त्या लेक्सिंग्टनवाल्याला आज फोन करत नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बघू. आणि दार ओढून घे जाताना, वारा येतोय."

म्हणजे शेड वाचली, निदान आठवडाभर तरी. व्हर्लिनला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो थेट होबार्टच्या गॅरेजवर गेला. होबार्ट एका पिकअपखाली आडवा होता, बाहेर फक्त बूट.

"पासष्ट डॉलर राहिले तुझे," व्हर्लिन म्हणाला.

"ठेव बाकावर."

व्हर्लिननं नोटा ठेवल्या, वर पाना ठेवला. माफी मागायला आला होता, पण ती जिभेवर येईना. शेवटी म्हणाला, "मोजून घे एकदा."

गाडीखाली पाना फिरायचा थांबला.

"मी नाही मोजत," होबार्ट खालूनच म्हणाला. "ओळखीच्या माणसाचे नाही मोजत मी."

आणि पाना पुन्हा फिरायला लागला.